शिवणीतला तिसरा एफ

१८२९ साली व्हिएन्नात डॅन्यूब नदीवर आगबोटी चालवणारी एक कंपनी निघाली. तिच्या नावातून जर्मन भाषेतला सगळ्यात गाजलेला लांब शब्द झाला: डोनाउडाम्फशिफफार्ट्सगेझेलशाफ्ट. डोनाउ म्हणजे डॅन्यूब, डाम्फ वाफ, शिफ जहाज, फार्ट प्रवास, गेझेलशाफ्ट कंपनी. मधला ‘स्’ हा नुसता टाका, दोन तुकडे सांधणारा.

म्हणताना या शब्दाचे आठ अवयव पडतात. सगळ्यात जोरकस आघात पहिल्याच ‘डो’वर. पुढचे तुकडेही आपापला हलका आघात राखून असतात, म्हणून एवढ्या लांबीतही कान चुकत नाही. गेझेलशाफ्टमधला आघात ‘झेल’वर पडतो, कारण ‘गे’ हा उपसर्ग आघात घेतच नाही.

पंचाईत होती ती डोळ्यांची. शिफच्या शेवटी दोन एफ, फार्टच्या आरंभी एक. तीन सारखी व्यंजने लागोपाठ आली आणि पुढे स्वर असला, तर एक गाळायचे, असा जुना नियम. म्हणून छापताना एफ दोनच. पण ओळ संपली आणि शब्द नेमका शिफ आणि फार्टच्या मध्ये तोडावा लागला, की गाळलेला एफ परत बसवायचा! शब्द अखंड असताना जे अक्षर नाही, ते शब्द मोडला की हजर. त्यातही ऑक्सिजनची बाटली, म्हणजे झाउअरश्टॉफफ्लाशे, वेगळी: तिथे तिन्ही एफांपुढे एल येतो, स्वर नाही, म्हणून तिन्ही कायम. खिळे जुळवणाऱ्याला दर वेळी पुढचे अक्षर पाहूनच हात चालवावा लागे.

१ जुलै १९९६ला जर्मनभाषक देशांनी नव्या शुद्धलेखनावर सह्या केल्या, त्याही व्हिएन्नातच. आता तिन्ही एफ सदैव लिहायचे. अनेकांना ते डोळ्यांना खुपले. मला मात्र ते मनापासून आवडतात. उच्चारात एकच ‘फ’ ऐकू येतो, पण एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, हे कागदावर स्वच्छ दिसते.

मिटाग, म्हणजे मध्यान्ह, हा अपवाद राहिला. तोही जोडशब्दच: मधला या अर्थाचे मिट आणि दिवस या अर्थाचे टाग. हिशेबाने टी तीन हवेत. पण त्याची शिवण बोलणाऱ्यांना कधीच जाणवेनाशी झाली आहे. तो दोन टींनीच लिहितात, आणि ओळीच्या शेवटी तुटला तरी तिसरा टी परत येत नाही.