‘ग्लॅमर’ ह्या शब्दाचे कूळ

सिनेनटीचे ‘ग्लॅमर’ हा शब्द आता आजऱ्याच्या बाजारपेठेतही कुणाला परका वाटत नाही. रूप, झगमगाट आणि दुरून वाटणारी ओढ एवढा अर्थ आपण त्यातून घेतो. परंतु त्याचे कूळ शोधू लागलो, की आपण रंगभूषेच्या खोलीत न पोहोचता शाळेच्या फळ्यापाशी जाऊन उभे राहतो. ग्लॅमर हे ‘ग्रामर’चे, म्हणजे चक्क व्याकरणाचे, अपत्य होय!

ग्रीक भाषेत ‘ग्रामा’ म्हणजे अक्षर. त्यावरून लॅटिन व फ्रेंच ह्यांच्या वाटेने ‘ग्रामर’ इंग्रजीत आला. मध्ययुगीन युरोपात ग्रामर म्हणजे लॅटिन विद्या, आणि ती बहुधा धर्मगुरूंपाशी. पोथीत पाहून पुटपुटणारा माणूस विद्वान की चेटक्या, हे निरक्षर शेतकऱ्याने कसे ओळखावे? शब्दाला जादूटोण्याचा वास लागला तो असा. फ्रेंचांनी तर मंत्रतंत्राच्या पोथीला ‘ग्रिम्वार’ हे ह्याच कुळातले नाव दिले. स्कॉटलंडच्या बोलीत ‘र’चा ‘ल’ झाला आणि अठराव्या शतकात ‘ग्लॅमर’ लिहिण्यात आला. (आपल्या ‘चत्वारिंशत्’चे ‘चाळीस’ होताना ‘र’ने असाच वेष पालटला आहे.) अर्थ होता नजरबंदी, नसलेले दिसणे. वॉल्टर स्कॉटच्या १८०५ च्या काव्याने शब्द सर्वत्र नेला. सौंदर्याची मोहिनी हा अर्थ मागाहून आला, व विसाव्या शतकात हॉलिवुडने तो पक्का केला.

स्कॉटिश शेतकऱ्याला हसण्याचे आम्हांस कारण नाही. ‘नमः शिवाय’ ही पाच अक्षरे खरी. पण मराठीत ‘पंचाक्षरी’ म्हणजे भूत उतरविणारा मांत्रिक! आणि अक्षरांची धास्ती भुताखेतांपुरती थोडीच होती? कर्जरोख्यावर निशाणी करणाऱ्या कुणब्याला त्यातला मजकूर सावकार सांगेल तेवढाच ठाऊक. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हा त्यांचा रोख कर्जखते हिसकावून जाळण्यावर होता. त्याच साली पुण्यात रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कोणी कागद जाळीत होते, कोणी ज्ञान वाटू लागले होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा कुणब्याच्या डोळ्यांवरची ही जुनी नजरबंदी उतरण्याची सोय झाली.

आजऱ्यात १९४० साली जन्मलेल्या शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये निघाली. तिने घातलेली भुरळ अक्षरांचीच. पण ती पडते वाचता येणाऱ्याला.