रिकीब आणि गुडघेदुखी: घोडेस्वाराच्या सांध्यांचा इतिहास

तासभर घोडेस्वारी केली की गुडघे धरतात, उतरल्यावर चार पावलं सरळ टाकता येत नाहीत, अशी तक्रार तुमचीही असेल. मग कुणी वयाला दोष देतं, कुणी वजनाला, तर कुणी हा नाद सोडायलाच सांगतं. वय आणि वजन यांचा वाटा असतोच. पण घोडेस्वारी सोडण्याआधी एका साध्या वस्तूकडे नीट बघा. आपण जिच्यात पाय अडकवतो ती रिकीब. ती का आली आणि कशी बदलत गेली हे कळलं, की आपला सांधा नेमका कुठे ओढला जातो तेही कळतं.

पाय लोंबकळत होते तेव्हा

माणूस घोड्यावर बसायला लागल्यानंतर कित्येक शतकं रिकीब नव्हतीच. काळ्या समुद्राच्या उत्तरेला गवताळ मैदानात राहणारे सिथियन लोक दिवसच्या दिवस असे घोड्यावर काढत. सुमारे २४०० वर्षांपूर्वीच्या, हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका ग्रीक वैद्यकीय लेखनात त्यांच्या दुखण्याचं वर्णन आहे. पाय सतत घोड्यावरून लोंबकळत राहिल्याने त्यांचे सांधे सुजतात आणि त्रास वाढला की ते लंगडू लागतात, असं तो वैद्य नोंदवतो. यावर सिथियन लोक कानामागची शीर कापून रक्त काढत. दुखणं पायात आणि उपचार कानाशी!

कारण मात्र त्या वैद्याने बरंच अचूक हेरलं होतं. पायाला आधार नसेल तर त्याचं सगळं वजन खुब्याच्या सांध्याला खाली ओढत राहतं. तोल जाऊ नये म्हणून मांडीच्या आतले स्नायू सारखे आवळून धरावे लागतात. घोडा दुडक्या चालीने निघाला की प्रत्येक धक्का घोटा आणि गुडघ्यात न जिरता थेट कंबरेत जातो.

आधी अंगठा, मग पाऊल

यावरचा एक जुना तोडगा आपल्याकडे दिसतो. सांची आणि लोणावळ्याजवळची भाजे लेणी इथल्या शिल्पांत, म्हणजे इसवी सनाच्या आधीच्या काळात, फक्त पायाचा अंगठा अडकवायची दोरीची रिकीब दिसते, असं काही इतिहासकार मानतात. अनवाणी पायाला ती चालते. पण थंड प्रदेशातल्या बूट घातलेल्या स्वाराला तिचा उपयोग नाही, आणि शरीराचा भार एकट्या अंगठ्यावर किती वेळ पेलणार?

पूर्ण पाऊल मावेल अशी रिकीब चीनमध्ये दिसते. चांगशा इथल्या इ.स. ३०२ च्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या घोड्याला एकाच बाजूला, डावीकडे, रिकीब आहे. म्हणजे ती बहुधा फक्त वर चढण्यापुरती होती. पुढे दोन्ही बाजूंना रिकिबी आल्या. इ.स. ४१५ च्या एका थडग्यात लाकडाची, वरून मुलामा दिलेल्या धातूच्या पत्र्याने मढवलेली जोडी मिळाली. सहाव्या-सातव्या शतकात आवार टोळ्यांबरोबर रिकीब युरोपात पोहोचली.

लांब पट्टा की आखूड?

यानंतर रिकिबीची लांबी ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे ठरत गेली. भाला रोखून धावणाऱ्या युरोपीय सरदाराने पट्टा लांब ठेवला आणि पाय जवळपास ताठ. उभं राहून बाण मारणाऱ्या मंगोल स्वाराने तो आखूड केला. १८९७ मध्ये टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी इंग्लंडमध्ये गेला, तेव्हा त्याच्या अतिआखूड रिकिबींना लोक हसले. पण तो जिंकू लागला आणि इतरांनीही तेच केलं. पुढच्या काही वर्षांत शर्यतीच्या वेळा सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्याचं संशोधकांनी दाखवलं आहे.

घोडा जिंकला, पण भार जॉकीच्या गुडघ्याने घेतला. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितकी त्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. शर्यत दोन-तीन मिनिटांत संपते, म्हणून ते निभावतं. तुम्ही मात्र तासभर बसता.

तुमच्यासाठी रिकीब कशी असावी?

*लांबी:* घोड्यावर बसून पाय रिकिबीबाहेर मोकळे सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडापाशी आला पाहिजे. जिना चढताना गुडघ्याची वाटी दुखत असेल तर पट्टा एखादं भोक लांब ठेवून बघा. पण चवडा ताणून रिकीब शोधावी लागली तर ती फार लांब आहे. मग पोटरी आणि कंबर दुखते.

*तळ:* अरुंद लोखंडी पट्टीपेक्षा रुंद, रबरी तळ बरा. भार चवड्यावर पसरतो, घोट्याला आराम मिळतो.

*पीळ:* पट्टा घोड्याच्या पोटाला समांतर लोंबतो, तर पाऊल ठेवायला रिकीब काटकोनात वळवावी लागते. पट्टा उलट फिरू पाहतो आणि तो पीळ घोट्यावर आणि गुडघ्यावर येतो. वरचं कडं आधीच वळवलेल्या किंवा फिरत्या कड्याच्या रिकिबी मिळतात. गुडघ्याची एकच बाजू दुखत असेल तर त्या जरूर वापरून बघा.

*रुंदी:* बुटापेक्षा साधारण २.५ सेंमी जास्त. त्याहून अरुंद असेल तर पडताना पाय अडकतो, फार रुंद असेल तर पाऊल आरपार जातं. दोन्हीत फरफटत जाण्याचा धोका आहे. टाच असलेला बूट घाला.

माथेरानला भाड्याचा घोडा घेतलात तर पट्टे आधीच्या पर्यटकाच्या उंचीचे असू शकतात. "मामा, पट्टा जरा लांब करा" म्हणायला लाजू नका. मिनिटभराचं काम आहे.

एक लक्षात ठेवा. मुख्य दुखणं खुब्यात किंवा जांघेत असेल तर रिकीब बदलून फारसा फरक पडणार नाही. तिथे खोगिराची आणि घोड्याच्या पाठीची रुंदी बघावी लागते. आणि गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर नवी रिकीब विकत घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं काही नसेल तर पुढच्या वेळी घोड्यावर बसल्यावर आधी पट्टा मोजा, मगच लगाम हातात घ्या.