मुंडाशासकट आलेले शब्द

इंग्रजी जाणणारा मनुष्य स्पॅनिश शिकू लागला म्हणजे पहिल्याच दिवशी जे पुष्कळसे शब्द त्यास ओळखीचे वाटतात, त्यांतील बहुतेकांचे कुलवृत्त साधे आहे. स्पॅनिश ही लॅटिनची औरस कन्या, आणि इंग्रजी जन्माने जर्मानिक कुळातली असली तरी 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचच्या हातून त्याच लॅटिन घरचे दागिने अंगावर घालून बसलेली. तेव्हा 'नासिओन' आणि 'नेशन' यांचे तोंडवळे जुळावेत यात नवल ते काय? मला कुतूहल वाटते ते आडवाटेने आलेल्या शब्दांचे.

साखरेस स्पॅनिशमध्ये 'असूकार' म्हणतात, इंग्रजीत 'शुगर'. दोहोंचा उगम आपल्या शर्करेत. फारसीतून अरबीत जाऊन ती 'सुक्कर' झाली. मग स्पॅनिश शब्दाच्या आरंभीचा तो 'अ' कोठला? इ. स. 711 मध्ये अरब व बर्बर सैन्य सामुद्रधुनी ओलांडून इबेरियात उतरले आणि 1492 मध्ये ग्रानादा पडेपर्यंत, उत्तरोत्तर आक्रसत का होईना, मुसलमानी अंमल त्या द्वीपकल्पात टिकला. या अवधीत मळ्यांत, बाजारांत आणि कचेऱ्यांत जे अरबी शब्द कानी पडत ते बहुधा 'अल्' या उपपदासह पडत, आणि ऐकणाऱ्याने मुंडासे कोणते व डोके कोणते याची तपासणी न करता सगळेच उचलले. 'अल्'मधील लकार पुढच्या सकारात विरतो, म्हणून 'अस्-सुक्कर', आणि त्याचे 'असूकार'. इंग्रजांस हाच शब्द इटली-फ्रान्सच्या मार्गाने मिळाला, तो बोडकाच. कापसाचीही तीच गत: अरबी 'कुत्न' एकच, पण स्पॅनिशांचा 'आल्गोदोन' आणि इंग्रजांचा 'कॉटन'.

दफ्तरी शब्द पाहावेत तर आपण घरीच आल्यासारखे वाटते. स्पेनमधील नगराध्यक्ष 'आल्काल्दे', म्हणजे मुळात 'अल्-कादी', आपले काजीसाहेब. आणि जकातीच्या कचेरीस जे 'आदुआना' म्हणतात त्यात फारसीतून अरबीत गेलेला आपला दिवाण दडलेला आहे.

पुढे स्पॅनिशांनी जे अरबांचे केले तेच इंग्रजांनी स्पॅनिशांचे केले. अमेरिकेतल्या मगरीस स्पॅनिश लोक 'एल् लागार्तो', म्हणजे नुसता 'सरडा', म्हणत (एवढ्या जनावरास सरडा म्हणणाऱ्यांच्या छातीचे कौतुकच केले पाहिजे). इंग्रजांनी त्यातले 'एल्'ही शब्दातच जमा धरले. शेक्सपिअरच्या रोमिओ-ज्युलिएटमध्ये एका दरिद्री औषधविक्याच्या दुकानात पेंढा भरलेली अशी एक मगर टांगलेली आहे, आणि 1597 च्या छापील प्रतीत तिचे नाव 'ॲलिगार्टा' असे पडले आहे; त्याचे 'ॲलिगेटर' व्हायचे अद्याप बाकी होते. पुढे टेक्सास-कॅलिफोर्नियाकडील मेक्सिकन गुराख्यांपासून, म्हणजे 'वाकेरों'पासून, इंग्रजीभाषकांनी गुरे फासात पकडण्याची विद्या घेतली, तेव्हा त्यांच्या दोराचे नाव 'ला रेआता' हेही उपपदासकट घेऊन त्याचे 'लॅरिअट' केले, आणि खुद्द वाकेरोचा 'बकारू' झाला.

या मंडळींस हसण्यापूर्वी वाचकांनी आपल्याच बोलण्याकडे कान द्यावा. आपण घडोघडी 'अलबत' म्हणतो, 'बिलकुल' म्हणतो. त्या दोन्ही शब्दांत तेच अरबी 'अल्' बसलेले आहे.