ऋण आणि मिंधेपणा

प्रकाशाला व्याख्यान द्यावयाचे आणि आधी संगमावर जावयाचे नाही, हे माझ्या हातून होणे शक्य नव्हते. तापी आणि गोमाई जेथे मिळतात तेथे घटकाभर बसलो. ह्या गावाला दक्षिण काशी म्हणतात. केदारेश्वराचे देऊळ आहे, घाट आहेत, पर्वणीला माणसांची रीघ लागते. ह्याच गावच्या पांढरीत १९५५ साली पुरातत्त्व खात्याने खणून पाहिले, तेव्हा खालच्या थरांत ताम्रपाषाणयुगातील वस्ती सापडली. तीन साडेतीन हजार वर्षांपूर्वीची रंगविलेली मडकी निघाली. गावावर सत्ता कोणाची होती ते मडकी सांगत नाहीत. कुंभाराचा हात मात्र अजून दिसतो. टिकाऊ काय, हा विषय आज मला दिला आहे, आणि तोही ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने. मी शाळेत फार शिकलेला मनुष्य नव्हे, धर्मशास्त्री तर नव्हेच. म्हणून वादात न शिरता एका बाईची हकिगत सांगतो. तिचा आरंभ अशा तीर्थांच्या घाटांवरच होतो.

अनंतशास्त्री डोंगरे नावाचे विद्वान ब्राह्मण आपल्या पत्नीस संस्कृत शिकवतात म्हणून लोकांचा रोष ओढवून घेऊन गंगामुळाच्या रानात जाऊन राहिले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे सारे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडू लागले. घाटावर किंवा देवळात बसून पुराण सांगावे, लोक जे ठेवतील त्यावर राहावे आणि उरेल ते दानधर्मात द्यावे, असा क्रम होता. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. गाठचे सर्व संपले. रानातल्या पानाफळांवर दिवस काढावे लागले. प्रथम वडील गेले, मागून आई, मग थोरली बहीण. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवली आहे : अंगमेहनतीचे काम आम्हांला कोणी शिकविले नव्हते, आणि ते करण्याची आम्हांला लाजही वाटे. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. हजारो श्लोक मुखोद्गत असलेले घर भाकरीवाचून मेले, आणि त्यातून वाचलेल्या मुलीने दोष दुसऱ्यावर न टाकता आपल्या घरच्या अभिमानावर ठेवला.

कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. लग्न, वैधव्य, पुण्याचा आर्य महिला समाज हे आपणांस ठाऊक आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तेथेच त्यांनी व लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. येथपासून माझा विषय खरा सुरू होतो.

अन्न, आसरा, शिक्षण सर्व त्या भगिनींनी दिले. साहजिकच त्यांची अपेक्षा अशी की, बाईने आता सांगू ते मानावे. रमाबाई मानीनात. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, मला कळेल अशी संस्कृत का नकोत, असे त्या विचारीत. त्रैक्याचा सिद्धान्त पटेपर्यंत तोंडाने म्हणणार नाही, असे म्हणत. १८८५ मध्ये त्यांनी जेराल्डीन भगिनींना कळविले की, स्वदेशातील पुरोहितांचे जू नुकतेच उतरविले आहे, दुसरे मानेवर घ्यायची इच्छा नाही. भगिनींना ह्यात गर्व व कृतघ्नता दिसली.

हा शब्द माझ्या ओळखीचा आहे. संघटनेच्या कामात एका मालकाने मला दारातच ऐकविले होते की, तुमचे लोक खाल्ल्या मिठाला जागत नाहीत. मी म्हणालो, मीठ त्यांनी घामाचे खाल्ले आहे. मजुरी हे ऋण नव्हे, त्यामुळे तेथे माझे उत्तर सोपे होते. रमाबाईंचे अवघड होते. त्यांनी खरोखरच घेतले होते, आणि ते त्यांनी कधी नाकारले नाही. जेराल्डीनबाईंशी पत्रव्यवहार पुढेही ठेवला. परंतु माणसाचे उपकार मानणे निराळे आणि त्याच्यापाशी आपली बुद्धी गहाण टाकणे निराळे, ही रेघ त्यांनी पुसू दिली नाही. ख्रिस्ती भावनेने पाहिले तर मूळ देणे देवाचे. माणूस मधला पोचविणारा. ज्याने पोचविले त्याला नमस्कार करावा, पण देणे फेडावयाचे ते पुढच्या भुकेल्याला. १८९७ मध्ये प्लेगच्या वेळी पुण्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांची आबाळ होते, असे त्यांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात उघड लिहिले. साहेबाच्या धर्मात गेल्या म्हणून साहेबाच्या सरकारापुढे त्यांची जीभ अडखळली नाही.

फेडण्याची वेळही त्याच सुमारास आली. १८८९ पासून त्यांचे शारदासदन चालू होते, त्याला अमेरिकेतील मंडळाने दहा वर्षांची हमी दिली होती. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना व विधवांना घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातेतून आणखी आल्या. केडगावच्या मुक्तीसदनात दोन हजारांच्या आसपास माणसे झाली. तेथे काय शिकवीत? विणकाम, शिवण, शेती, तेलाची घाणी, दूधदुभते, छापखाना. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई बोटांनी वाचावयास शिकवीत. आपल्या घरी जे कोणी शिकविले नाही, ते बाईंनी दुसऱ्यांच्या मुलींना शिकविले.

‘दुष्काळात भाकरी देऊन बाटविले’ हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. १८९३ सालीच, मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ती माणसे हलकी नव्हती. चूल, छप्पर आणि धर्म एकाच हातून येतो तेव्हा घेणाऱ्याची जीभ कितपत मोकळी राहते, हे मालकाच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराला विचारावे. वॉन्टेजला आपण जो प्रश्न विचारला तो केडगावच्या किती मुलींना विचारता आला असेल, हे रमाबाईंच्या मनात कधीतरी आले असेल काय? माझ्यापुरते मी एवढेच म्हणतो की, हाती कसब असलेली बाई निदान दार उघडून बाहेर पडू शकते. नुसते अन्नछत्र घातले असते तर तेही नव्हते.

उत्तरायुष्यात त्यांनी एक काम धरले. मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कलकत्त्यात पंडितांनी जिच्यापुढे मान लवविली, तीच बाई आता साधे शब्द हुडकू लागली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक ह्या भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. जुळारी मुक्तीसदनातल्याच. ज्या मुलींना दुष्काळात उचलून आणले, त्यांच्यातल्याच कित्येक आता खिळे जुळवीत, शाई लावीत, कागद घालीत. जिवंतपणी मडक्याच्या कुंभाराला जशी कोणी ओळख विचारीत नाही, तशी ह्या बायकांचीही कोणी विचारली नाही.

१९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. जिच्या हाती सर्व सोपवावयाचे ती आधी गेली. रमाबाई पुन्हा मुद्रिते तपासावयास बसल्या. अखेरची मुद्रिते हातावेगळी झाली आणि १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेला त्या गेल्या. पुस्तक बाहेर पडले १९२४ मध्ये. मधली दोन वर्षे केडगावच्या छापखान्यात त्या बायका काम करीत होत्या.