कुर्डुवाडी : रूळ एक, राज्ये दोन

माढा तालुक्याच्या शेजारी परंडा तालुका. मध्ये आज केवळ जिल्ह्याची हद्द आहे. १९४८ पर्यंत तेथे राज्य बदलत असे. माढा मुंबई इलाख्यात, तर परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. हद्द ओलांडताच नाणे हाली सिक्क्याचे, दरबारी भाषा उर्दू आणि मालावर करोडगिरी, म्हणजे जकात.

मुंबई-सोलापूर लोहमार्ग बार्शीला बगल देऊन गेला. बार्शीकरांनी उतरायचे ते कुर्डुवाडीत, म्हणून या स्थानकाचे नाव पडले ‘बार्शी रोड’. (गाव एकाचे, नाव दुसऱ्याचे!) १८९७ मध्ये येथून अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे बार्शीपर्यंत धावू लागली. १९११ मध्ये ती सीमा ओलांडून संस्थानातील लातूरला पोहोचली. कुर्डुवाडीत रेल्वेचा कारखाना उभा राहिला; कामगार आले, बिऱ्हाडे थाटली गेली, बाजार वाढला. तालुक्याची कचेरी मात्र माढ्यातच राहिली, ती आजतागायत.

१९४७-४८ मध्ये स्थलांतराचे कारणच पालटले. रझाकारांच्या अत्याचारांनी त्रस्त झालेली कितीतरी कुटुंबे संस्थान सोडून बार्शी, सोलापूर या भागात आश्रयाला आली. एरवी जाच वाटणारी हद्द आता जीव वाचवणारी ठरली. अर्थात, घरदार आणि उभी पिके पलीकडेच राहिली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा परंड्याहून कुर्डुवाडीला येणाऱ्या माणसाच्या वाटेवरून राज्याची सीमा कायमची पुसली गेली.