उचकीची कुळकथा

हिवाळा आला कीं जळगांवकडील मळ्यांतून भरिताचा दरवळ सुटतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलीं वांगीं, ठेचलेली हिरवी मिरची, लसूण आणि सोबत कळण्याची भाकरी, अशी पंगत बसते. चार घास घाईनें घशाखालीं जातात न जातात तोंच एखाद्याला उचकी लागते. शेजारचा लगेच विचारतो, "कोणी आठवण काढली रे?" मग धुळ्याची बहीण, नाशिकचा मामा, अशीं एकेक नांवें घेतलीं जातात, ज्याचें नांव घेतांच उचकी थांबेल त्यानेंच आठवण काढली, असें ठरतें.

ही समजूत गोड आहे, आणि घटकाभराच्या उचकीपुरती निरुपद्रवीहि आहे. परंतु प्राचीन वैद्य तिच्यावर विसंबून राहिले नाहींत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील १७ वा अध्याय हिक्का व श्वास या दोन व्याधींना वाहिलेला आहे. त्यांत हिक्केचे ५ प्रकार सांगितले आहेत: महाहिक्का, गंभीरा, व्यपेता, क्षुद्रा आणि अन्नजा. घाईघाईनें, अतोनात खाल्ल्यापिण्यानें होते ती अन्नजा. भरिताच्या पंगतींतली उचकी ती हीच. क्षुद्रा श्रमानें वाढते व कांहीं खाल्लें कीं सौम्य होते. पण याच अध्यायांत इशाराहि आहे कीं, प्राण घेणारे रोग पुष्कळ असले तरी श्वास व हिक्का यांच्याइतक्या त्वरेनें प्राण हरणारे दुसरे नाहींत.

साध्या उचकीवरचे जुने उपाय आजच्या आजीबाईलाहि परके वाटणार नाहींत. अंगावर एकदम थंड पाणी शिंपडणें, दचकविणें, आश्चर्यांत पाडणें हे चरकांत आहेत. श्वास रोधून धरणें व सुई टोंचणें हे सुश्रुतांत. तिकडे ग्रीस देशांत प्लेटोच्या 'सिंपोझियम' या संवादांत नाटककार ॲरिस्टोफेनीस याला मेजवानींतच उचकी लागते. वैद्य त्याला सांगतो, श्वास धर. न थांबल्यास गुळण्या कर. तेंहि न साधल्यास शिंक काढ. शेवटीं शिंकेनेंच त्याचें काम होतें.

या उपायांचें मर्म पुढें शरीरशास्त्रानें उलगडलें. छाती व पोट यांच्यामधील श्वासपटल एकाएकीं आंचका देतें, हवा आंत ओढली जाते आणि त्याच क्षणीं स्वरयंत्राचें द्वार मिटतें. तोच 'हिक्' असा आवाज. श्वास रोधल्यानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वायु वाढून हे आंचके मंदावतात. थंड पाण्याचे घोट किंवा चमचाभर कोरडी साखर घशांतील मज्जातंतूंना चेतवून तें चक्र मोडते.

सर्वच उचक्या इतक्या सहज जात नाहींत. अमेरिकेंतील चार्ल्स ऑस्बर्न या गृहस्थाला १९२२ सालीं लागलेली उचकी १९९० सालीं थांबली. जठरांतील आम्ल वर येणें, मूत्रपिंडांचा विकार, मेंदूंतील बिघाड, हीं लांबलेल्या उचकीचीं कारणें असूं शकतात. कधीं कधीं तर औषधच कारण होतें: डेक्सामेथासोनसारखीं स्टेरॉइडें, भूल देतांना वापरलें जाणारें मिडाझोलाम, कर्करोगावरील सिस्प्लॅटिन. उलट, १९५० सालीं फ्रान्समध्यें तयार झालेलें व मनोविकारांवर प्रसिद्धि पावलेलें क्लोरप्रोमाझिन हट्टी उचकीवर उपयोगी ठरलें. म्हणून नवें औषध सुरू झाल्यावर उचकी लागली, तर औषध आपल्या मतानें बंद न करतां वैद्यास तसें कळवावें.

आठवणीची उचकी पांच-सात नांवांत थांबते. जी ४८ तासांनींहि थांबत नाहीं, झोंप व अन्न हिरावून घेते, तिला साऱ्या खानदेशांतील सोयऱ्यांचीं नांवें पुरत नाहींत. तिला वैद्यच गांठावा लागतो. चरकांनीं क्षुद्रा व महाहिक्का यांत जो भेद केला, त्याचा अर्थ आजहि एवढाच आहे.