एका दिवसाचे वैरी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, जाम नदीच्या एका तीरावर पांढुर्ण्याचे आणि दुसऱ्या तीरावर सावरगावचे लोक गोटे घेऊन उभे राहतात, आणि ज्यांच्याशी वर्षभर देवघेव चालते त्यांच्याच मस्तकाचा नेम धरतात. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधलेला असतो. सावरगावकरांनी तो राखावयाचा, पांढुर्णेकरांनी गोट्यांच्या वर्षावातून पुढे घुसून कुऱ्हाडीने झाड तोडावयाचे, आणि अखेरीस तो झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यावयाचा, असा गोटमारीचा रिवाज आहे.

या वैराचे मूळ राजकारणात शोधणे व्यर्थ होय. भोसल्यांचा अंमल असो, 1854 साली नागपूर खालसा झाल्यानंतरची कंपनीची सत्ता असो, 1956 च्या पुनर्रचनेने मध्य प्रदेशात ठेवलेला हा मराठी मुलूख असो, की सौसर व पांढुर्णा मिळून 2023 साली झालेला नवा जिल्हा असो, दोन्ही तीरांवर सरकार नेहमी एकच राहिले. भोसल्यांच्या शिपायांच्या तालमीतून ही चाल निघाली असे कोणी सांगतात. परंतु लोकांच्या तोंडी आहे ती पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेल्याची आणि ती दोघे भर पात्रात गोट्यांखाली गतप्राण झाल्याची दंतकथा. तिच्यात मेलेली जोडी दोन्ही गावांची आपली आहे, हे विशेष. परका असा तेथे कोणीच नाही.

आप्तांमधील या वैराचा विचार ग्रीकांनी फार खोलवर केला, कारण त्यांना तो करणे भागच होते. मित्राचे हित आणि शत्रूचे अहित करणे हाच न्याय, असे प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये पोलेमार्कस म्हणतो, आणि कोणालाही अपाय करणे हे न्यायी पुरुषाचे काम नव्हे, असे सॉक्रेटिस त्याच्या गळी उतरवतो. त्याच ग्रंथाच्या पाचव्या खंडात प्लेटोने परकीयांशी होणारे युद्ध आणि ग्रीकांचा आपसांतील कलह यांत भेद केला: जे उद्या समेट करणार आहेत त्यांनी एकमेकांची घरे जाळू नयेत, शेते उजाड करू नयेत, फार तर त्या वर्षाचे पीक न्यावे, आणि सबंध नगराला शत्रू न मानता कलह माजविणाऱ्या थोड्यांनाच दोषी धरावे. (परकीयांच्या बाबतीत त्याची ही उदारता संपते, हेही विसरता कामा नये.) ख्रिस्तपूर्व 431 ते 404 या काळात ग्रीकांनी ग्रीकांचाच जो संहार केला, तो पाहिलेल्या पिढीतला हा माणूस होता; त्याच काळात कॉर्सिरा बेटावरील यादवीत बापाने लेकाला मारल्याचे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज लिहून गेला आहे.

प्लेटोची कसोटी गोटमारीला लावली, तर निम्मी उतरते. घरे जळत नाहीत, वैर दुसऱ्या दिवशी उरत नाही. पण दोषी-निर्दोषी हा विवेक गोट्याला नसतो, आणि या जत्रेत डोळे गेले आहेत, जीवही गेले आहेत. मनाईहुकूम निघाले, बंदोबस्त लागला, गोट्यांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. लोकांनी ते बाजूला सारून पुन्हा गोटेच उचलले. पळसाची पूजा व्हावी, चंडीमातेचा झेंडा न्यावा, त्याला आमची हरकत नाही. गोटा मात्र पांढुर्णेकरांनी आणि सावरगावकरांनी आपण होऊन टाकावा, कारण हुकमाने तो सुटत नाही, हे सरकारने पुरते अनुभवले आहे.